‘थंड, खोल आणि ओसाड’: बडोद्यातल्या एका प्रदर्शन-फलकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या जुन्या वस्तीतलं एक मराठी वाचनालय गणेशोत्सवात मुलांकडून विज्ञान प्रदर्शन भरवून घेतं. आरास बघायला निघालेली माणसं वाटेत आत डोकावतात, आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात, आणि मुलं फलकापाशी उभी राहून माहिती सांगतात. मी त्या वाचनालयाच्या कार्यक्रम समितीत आहे. इथे माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्या वर्षीचा विषय होता समुद्र. किनारा, प्रवाळ, मासेमारी हे कोपरे मुलांनी हा हा म्हणता वाटून घेतले. ‘ध्रुवांकडचा खोल समुद्र’ कोणालाच नको होता, तो नववीच्या एका गटाच्या वाट्याला आला. त्यांच्या मदतीला प्राणीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आणि एम.एस्सी. करणारी एक ताई होती. खर्चाची वही खजिनदार काकांकडे होती.

अडचण

गटाने पहिल्या बैठकीत फलकाचा मजकूर आणला. तो असा होता: ‘विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे आणि उथळ पाण्यातून खोल पाण्यात जावं तसे प्राण्यांचे प्रकार कमी होत जातात. ध्रुवीय समुद्राचा तळ थंड, अंधारा आणि जवळजवळ ओसाड आहे.’

बाईंनी ‘ओसाड’खाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, “हे कोणी मोजलं? आणि कशाने मोजलं?”

मुलांना प्रश्न तिरकस वाटला. वाक्य तर पुस्तकातल्यासारखंच होतं. खरं सांगायचं तर पहिलं वाक्य सपशेल चूक नव्हतं, आणि सगळा पेच तिथेच होता. झाडं, पक्षी, फुलपाखरं यांच्याबाबत हा उतार ठळक आहे. समुद्रातही तो सापडतो: उत्तर अटलांटिकच्या खोल तळावरच्या शिंपल्या, गोगलगायी आणि आयसोपॉड नावाचे छोटे कवचधारी जीव यांचे प्रकार उत्तरेकडे घटत जातात, हे मायकेल रेक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं.

पण दक्षिणेकडचा पुरावा वेगळं सांगतो. ‘पोलरश्टेर्न’ या जर्मन संशोधन जहाजावरून २००२ ते २००५ या काळात अँगेलिका ब्रांट यांच्या पुढाकाराने ‘अँडीप’ नावाच्या मोहिमा झाल्या. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात आणि आसपास ७४८ मीटरपासून ६३४८ मीटरपर्यंतच्या तळावरून नमुने घेतले गेले. त्यांत एकट्या आयसोपॉडचे ६७४ प्रकार निघाले, आणि त्यांतले ५८५ विज्ञानाला पूर्वी ठाऊकच नव्हते. कुंडी उचलली की खालच्या ओलाव्यात जो राखाडी किडा दिसतो आणि बोट लावताच गोळी होतो, त्याचे हे समुद्रातले भाऊबंद. बहुतेक काही मिलिमीटरांचे.

म्हणजे नियम उत्तरेत बांधला गेला आणि आम्ही तो दोन्ही ध्रुवांना लावून मोकळे झालो होतो. फलक तसाच लागला असता तर शेकडो लोकांनी ते वाक्य घरी नेलं असतं.

दुसरी अडचण काकांनी मांडली, आणि ती मला आजही रास्त वाटते. “बाई, तुमचं सगळं खरं. पण लोक दोन मिनिटं थांबतात. मिलिमीटरभर किडा त्यांना दिसणार कसा? काहीतरी मोठं करा.”

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सोपा होता: ‘ओसाड’ खोडायचं आणि पुढे चालायचं. वेळ वाचला असता. पण नियम तसाच उभा राहिला असता आणि एक विशेषण तेवढं गेलं असतं.

दुसरा पर्याय काकांचा. अंटार्क्टिकच्या तळावर थोराड प्राणी आहेतच. कोलोसेंडिस या समुद्री कोळ्याच्या पायांचा पसारा ७० सेंटिमीटरपर्यंत जातो. ग्लिप्टोनोटस हा आयसोपॉड तळहात भरून उरतो. काचेसारख्या सिलिकेच्या सुयांनी बनलेले काही स्पंज इतके मोठे होतात की त्यांत माणूस मावेल. थर्माकोल आणि तारांचा एक अजस्र कोळी टांगला तर दारातच गर्दी होईल, हे उघड होतं. मुलंही या बाजूला झुकली होती.

तिसरा पर्याय टीव्हीवर चित्रफिती लावण्याचा. त्यासाठी दृश्यं भरपूर आहेत. २०२१ मध्ये वेडेल समुद्रात ओढत्या कॅमेऱ्याने आइसफिशची घरटी टिपली, ती सुमारे २४० चौरस किलोमीटरवर पसरलेली आणि अंदाजे ६ कोटी. जानेवारी २०२५ मध्ये अंटार्क्टिकातल्या जॉर्ज सहावा हिमफळीपासून (जमिनीला चिकटून समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फापासून) ए-८४ हा हिमनग तुटला आणि जवळच असलेलं संशोधन जहाज लगेच त्या उघड्या पडलेल्या जागेवर पोचलं. बर्फाखाली झाकलेल्या त्या तळावर मोठे स्पंज, प्रवाळ, समुद्री कोळी, ऑक्टोपस दिसले. पण परवानगीशिवाय चित्रफिती लावणं बाईंना मान्य नव्हतं, आणि गणपतीच्या दिवसांत हॉलमध्ये आवाज ऐकू येणं कठीण.

चौथा पर्याय ताईने सुचवला. तळावरचे प्राणी मोजतात ते गाळ चाळून. मग लोकांसमोर गाळच चाळायचा. एकाच गाळातून जाड चाळणीत किती प्रकार उरतात आणि बारीक चाळणीत किती, हे बघणाऱ्याने स्वतः मोजायचं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका मुलाने विचारलं, “पण ताई, गाळ अंटार्क्टिकाचा कुठून आणायचा?”

निर्णय पहिला: काय दाखवायचं

बाईंचं म्हणणं असं: थोराड प्राणी दाखवले तर लोकांच्या मनात ‘तिथे अजब प्राणी असतात’ एवढंच राहील. विविधता मात्र बारक्या प्राण्यांत आहे. ती शास्त्रज्ञांनाही फार उशिरा दिसली, कारण त्यांची जाळी जाड होती.

यासाठी त्यांनी जी हकिकत सांगितली ती पुढे फलकावर गेली. १८४१–४२ मध्ये एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गअभ्यासकांनी एजियन समुद्रात तळ खरवडून नमुने घेतले. खोल जावं तसे प्राणी कमी होताना दिसले, म्हणून त्यांनी मांडलं की ३०० फॅदमच्या, म्हणजे साधारण ५५० मीटरच्या खाली जीव नसावेत. एजियनचा खोल तळ मुळातच जीवांनी विरळ आहे आणि त्यांचं खरवडायचं साधन बारीक जीव धरून ठेवण्यासारखं नव्हतं. पुढे १९६७ मध्ये रॉबर्ट हेस्लर आणि हॉवर्ड सँडर्स यांनी बारीक जाळीची घसरती पेटी खोल तळावरून ओढली, आणि तोवर गरीब समजला गेलेला तळ प्रकारांनी भरलेला निघाला. ‘अँडीप’ने वापरलेली साधनं याच घराण्यातली.

शेवटी समितीने मधला मार्ग काढला: कोळी टांगायचा, पण दारात नाही. चाळण्यांचं टेबल आधी, कोळी मागच्या भिंतीला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो घेताना काकांनी आपला हट्ट सोडला याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

निर्णय दुसरा: गाळ कुठला

विश्वामित्री नदीचं नाव निघालं आणि मगरींमुळे तिथल्या तिथे बाद झालं. सूरसागर हाकेच्या अंतरावर, पण शहराच्या तलावातून काही उचलायचं तर महापालिकेची परवानगी हवी, आणि उत्सवाच्या तोंडावर ती मिळवण्यात दिवस गेले असते. एका सभासदांचं पादऱ्याच्या रस्त्याला शेततळं होतं. तिथून झाकणाच्या बादलीत गाळ आणायचं ठरलं.

परवानगीवरून मुलांनी विचारलं की अंटार्क्टिकातून गाळ उचलायला कोणाला विचारावं लागतं का. लागतं. भारताचा ‘भारतीय अंटार्क्टिका अधिनियम’ २०२२ चा. त्यानुसार भारतीय मोहिमांना परवाना लागतो आणि तिथल्या जीवांना हात लावण्यावर निर्बंध आहेत. १९८९ पासून मैत्री आणि २०१२ पासून भारती ही आपली ठाणी तिथे आहेत. हे वाचून एका पालकांनी ‘मग हे आपल्याशीही संबंधित आहे’ असं म्हटलं, आणि तो मजकूर मोठ्या अक्षरात घ्यायचं ठरलं.

बाईंची एक अट होती: टेबलावर ठळक लिहायचं की हा गाळ गोड्या पाण्याच्या शेततळ्यातला आहे. पद्धत तीच, प्राणी वेगळे. दुसरी अट मुलांची: कोणताही जीव मारायचा नाही. प्रयोगशाळेत नमुने अल्कोहोल किंवा फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, कारण नाव ठरवायला महिने, वर्षं लागतात. इथे फक्त वेगळे प्रकार मोजायचे होते. म्हणून रोज संध्याकाळी गाळ बादलीत परत आणि तळ्यात परत.

निर्णय तिसरा: वाक्य

सर्वांत जास्त वेळ यात गेला. मुलांनी पहिल्या दुरुस्तीत उलट टोक गाठलं: ‘ध्रुवीय समुद्राचा तळ जगात सर्वांत समृद्ध आहे.’ बाईंनी त्यावरही रेघ ओढली. अंटार्क्टिकच्या तळावर सगळंच मुबलक नाही. तिथल्या भूखंडमंचावर, म्हणजे खंडाच्या पाण्याखालच्या काठावर, कवच फोडून खाणारे खेकडे आणि शार्क जवळजवळ नाहीतच. म्हणून तिथे ब्रिटल स्टार (तारामाशाचे भाऊबंद), सी लिली (फुलासारखे दिसणारे प्राणी), स्पंज यांचा जो थाट आहे तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राची आठवण करून देतो. समुद्री कोळ्यांच्या जगातल्या ज्ञात प्रकारांपैकी साधारण पाचवा हिस्सा दक्षिण महासागरात आहे. एखादा गट तुडुंब आणि एखादा गट गैरहजर, असं ते चित्र आहे.

मग प्रश्न आला की दोन ध्रुव वेगळे का. ताईने फळ्यावर दोन वर्तुळं काढली. आर्क्टिक म्हणजे जमिनीने वेढलेला समुद्र. त्याच्या खोल भागाला बाहेरच्या खोल समुद्राशी जोडणारं एकच दार, फ्राम सामुद्रधुनी. भोवतीचे भूखंडमंच रुंद आणि उथळ, आणि हिमयुगांत त्यांवर बर्फाचा नांगर फिरलेला. अंटार्क्टिका म्हणजे समुद्राने वेढलेली जमीन. तिच्यावर बर्फाची मोठी चादर धरू लागली ती सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे तिथल्या प्राण्यांना थंडीशी जुळवून घ्यायला भरपूर वेळ मिळाला. तिचा भूखंडमंच बर्फाच्या भाराने आणि हिमनद्यांच्या खोदकामाने सरासरी ४५०–५०० मीटर खोल आहे, आणि वरपासून खालपर्यंत पाणी जवळपास सारखंच थंड. त्यामुळे प्राण्यांना उथळातून खोलात आणि खोलातून वर सरकायला तापमानाची भिंत आड येत नाही. हिमयुगांत बर्फ पुढे सरकला की वस्त्या तुटायच्या, तुकड्या-तुकड्यांत अडकायच्या, आणि वेगळ्या होत जायच्या. त्यात आयसोपॉडसारखे अनेक प्राणी पिल्लांना पोटाखालच्या पिशवीत वाढवतात. पिल्लं अळीरूपात प्रवाहाबरोबर दूर जात नाहीत, म्हणून जवळजवळच्या जागीही वेगळे प्रकार टिकतात.

मला हा भाग फार आवडतो. एखाद्या प्राण्याची पिल्लं वाढवायची रीत आणि बर्फाची मागे-पुढे हालचाल, या दोन गोष्टींनी समुद्रतळाची यादी लांबत जाते.

आर्क्टिकला तरी ओसाड म्हणावं का? तेही नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, उत्तर ध्रुवाजवळच्या लांगसेथ पर्वतरांगेच्या शिखरांवर स्पंजांची दाट वस्ती नोंदली गेली आहे. वर कायमचा बर्फ, अन्न तुटपुंजं, आणि हे स्पंज हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या नळीकिड्यांच्या अवशेषांवर, आपल्यातल्या जिवाणूंच्या मदतीने जगतात. त्यांचं सरासरी वय ३०० वर्षं. तिथे प्रकार कमी आहेत, जीवन नाही असं नव्हे.

अखेर फलकावर हे गेलं: ‘उत्तरेकडे जाताना खोल तळावरचे प्रकार अनेक गटांत कमी होतात. दक्षिणेकडे तसं दिसत नाही. काही गट भरगच्च, काही जवळजवळ गैरहजर. आणि आपल्याला किती प्रकार दिसतात हे आपण कसल्या जाळीने, किती वेळा आणि कुठे शोधलं यावरही ठरतं.’ शेवटचं वाक्य एका मुलीने सुचवलं. बाईंनी त्याखाली काहीच रेघ ओढली नाही.

प्रत्यक्ष टेबलावर

तीन भांडी, तीन चाळण्या: गव्हाची, मैद्याची, आणि तिसरी म्हणजे ताणून बांधलेलं मलमलचं फडकं. खाली परात, शेजारी पाण्याचा तांब्या, कापसाचा ब्रश, प्लास्टिकचा ड्रॉपर, ताईने आणलेला साधा सूक्ष्मदर्शक. वाटीभर गाळ पाण्यात कालवून हलक्या हाताने आधी गव्हाच्या चाळणीतून, खाली उतरलेलं मैद्याच्या चाळणीतून, त्याखालचं फडक्यातून.

गव्हाच्या चाळणीवर गोगलगायींचे शंख आणि काड्या. मैद्याच्या चाळणीवर लाल, वळवळणाऱ्या अळ्या आणि केसासारखे बारीक किडे. मत्स्यालय पाळणाऱ्या एका मुलाने ते लगेच ओळखले: “हे तर ट्युबिफेक्स, माझे मासे हेच खातात.” फडक्यावर डोळ्यांना नुसता चिखल. त्यातला थेंब काचेवर घेतला की दोन झाकणांची इवलीशी डबी घेऊन पळणारा ऑस्ट्राकॉड, झटके देत पोहणारे कोपेपॉड, आणि सारखा आठ आकडा काढणारा सूत्रकृमी. यांचे दूरचे भाऊबंद वेडेल समुद्राच्या गाळातही आहेत, हे तिथे उभ्या मुलाने सांगायचं.

रोज गर्दीतला कोणीतरी ‘यात काय, चिखल आहे’ म्हणायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मागच्याची रांग विसरायचा. लोकांनी आपापले आकडे तक्त्यावर लिहिले. आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, आणि ताईने ते तसेच ठेवले, कारण मोजणाऱ्यांत फरक पडतो हेही त्यातून दिसत होतं.

अचानक आलेला एक प्रश्न नोंदवण्यासारखा आहे. बडोद्याच्या मुलांना कमाटीबागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा पाठ असतो. सहावीच्या एका मुलाने विचारलं, “ती हाडं अंटार्क्टिकाच्या तळाशी टाकली तर कुजतील का?” बाई खूश झाल्या. असा प्रयोग झालेला आहे. देवमाशाची हाडं आणि लाकडी फळ्या तिथल्या तळावर वर्षाहून जास्त काळ ठेवल्या. हाडांवर ओसेडॅक्स हे हाड पोखरणारे किडे जमले, त्यांत विज्ञानाला नवे प्रकार निघाले; २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लाकूड मात्र जसंच्या तसं. तिथे लाकूड पोखरणारे जीव जवळजवळ नाहीत. म्हणूनच १९१५ मध्ये बुडालेलं, अंटार्क्टिकाचे शोधक शॅकल्टन यांचं ‘एन्ड्युरन्स’ हे लाकडी जहाज मार्च २०२२ मध्ये ३००८ मीटरवर सापडलं तेव्हा त्याची फळ्यांची बांधणी ओळखू येण्याइतकी शाबूत होती. दुसऱ्या दिवशी मुलांनी या प्रश्नाचा छोटा फलक स्वतःहून केला आणि मुलाला त्याच्यापाशी उभं केलं.

निष्पत्ती

कोळ्यापेक्षा चाळण्यांपाशी माणसं जास्त थांबली. मोजून सांगण्यासारखी नोंद आम्ही ठेवली नव्हती. पण टेबलाभोवतीची सतरंजी रोज बदलावी लागली. काकांनी समारोपाआधीच पुढच्या वर्षासाठी सूक्ष्मदर्शकाची तरतूद वहीत लिहिली.

एका गुजराती शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी सामान मागून नेलं. त्यावरून ते सगळं एका पत्र्याच्या पेटीत बसवलं: चाळण्या, फडकं, ड्रॉपर, गुंडाळून ठेवता येणारे फलक, मराठी आणि गुजराती सूचनापत्रक. सयाजीरावांच्या काळात बडोदा संस्थानातून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जायच्या, ते आठवून वाचनालयाच्या जुन्या सभासदांनी हा उद्योग उचलून धरला. पेटी सध्या शाळांमध्ये फिरते आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आर्क्टिकचा फलक कमी पडला. दोन ध्रुवांतला फरक हा विषयाचा गाभा, आणि तो कोपऱ्यात, बारीक अक्षरात गेला. ताईची दोन वर्तुळं मुळात टेबलाच्या वर मोठ्ठी लावायला हवी होती.

मजकूर ठरवण्याआधी ‘कोणी, कुठे, कशाने मोजलं’ हा प्रश्न प्रत्येक गटाला विचारायला हवा होता. प्रवाळाच्या आणि मासेमारीच्या कोपऱ्यांतली विधानं तशीच गेली, कारण त्या गटांना बाई मिळाल्या नाहीत. एका तज्ज्ञावर सगळा भार ठेवण्याऐवजी हा प्रश्न छापील कागदावर सर्व गटांना देता आला असता.

चाळण्यांची एक तांत्रिक उणीव आहे. घरगुती जाळीचं माप दर दुकानात बदलतं, त्यामुळे दोन शाळांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. खोल समुद्राच्या अभ्यासात ०.५ किंवा ०.३ मिलिमीटरची ठरलेली जाळी वापरतात ती याचसाठी. पेटीत एक तरी मापाची चाळणी असावी, असं ताईचं म्हणणं आहे; किमतीची चौकशी चालू आहे. तोवर सूचनापत्रकात एक ओळ वाढवली आहे: फडकं प्रत्येक वेळी एकाच थानातलं घ्यावं, आणि तीनही चाळण्यांसाठी गाळ त्याच वाटीने मोजावा.